पाण्याची चौकशी करणारे सर

जगात पाणी पिणारे पुष्कळ आहेत. पाण्याची चौकशी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या जालन्याच्या कॉलेजातले पर्यावरण अभियांत्रिकीचे सर. मी त्यांच्याच सिव्हिल विभागात काँक्रीट शिकवतो, म्हणजे त्यांच्या मते पाण्याचा दुरुपयोग शिकवतो. मस्तगडला एका लग्नात आम्ही सगळे नवरदेवाकडे पाहत होतो, तेव्हा सर मांडवामागे आचाऱ्याला टँकर कुठून भरून आणला ते विचारत होते. उत्तर काही पटलेलं नसावं, कारण जेवणभर त्यांनी मठ्ठ्यावरच भागवलं. मठ्ठ्यातही पाणी असतं हे मी सांगितल्यावर मात्र पान सोडून उठले.

शिकवण्याची तऱ्हाही तशीच. आमच्याकडची परंपरा अशी, की वरच्या वर्गाची प्रयोगवही खालच्या वर्गानं घ्यायची आणि आकड्यांसकट उतरवायची; तेच आकडे वर्षानुवर्षं चालत. एका पोराची वही पाहून सर शांतपणे म्हणाले, "हे पाणी तुझ्या काकानं तपासलेलं आहे. बरा आहे का काका?" तेव्हापासून नियम झाला, ज्यानं त्यानं आपल्या घरचं पाणी आणायचं आणि तेच तपासायचं. मग काय, अंबड, घनसावंगी, भोकरदन असा अख्खा जिल्हा बाटल्यांतून आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचा. अंकुशनगरच्या एका आळशी पोरानं बसस्टँडवरचं विकतचं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून आणलं. निकाल पाहून सरांनी गावच्या पाण्याबद्दल अभिनंदन करायला त्याच्या वडिलांना फोन लावला.

पण पाणी आणि पर्यावरणाची आमची पदव्युत्तर शाखा आटत चालली होती. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. एका वर्षी संस्थेनं बजावलं, की यंदा पोरं आली नाहीत तर शाखा बंद. मग जन्मात कोणाच्या दारी न गेलेले सर पोरं गोळा करायला निघाले. त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी कुंभार पिंपळगावची. तिला पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी लागत होती. तिच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या शाळेतल्या गुरुजींना, राजी करायला मी सरांसोबत गेलो. आपल्याकडे दारी आलेल्यानं चहाला नको म्हटलेलं चालतं, पाण्याला नाही. मुलीनं तांब्या-पेला आणला. सरांनी पेला उजेडात धरला, हुंगला आणि खाली ठेवला. मी डोळेच मिटून घेतले.

"गुरुजी, पाण्याला वास येऊन राह्यला," सर म्हणाले.

"आजपर्यंत तर कोणी न्हाई बोललं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

सर उठले ते थेट बोअरकडे. पलीकडेच संडासाचा शोषखड्डा निघाला. मग दुपारभर सर, गुरुजी आणि ती मुलगी नवा खड्डा कुठे घ्यायचा ते आखत फिरत होते. परतीच्या एसटीत जालना जवळ आल्यावर सर एकदम दचकले. प्रवेशाचा विषय काढायचाच राहून गेला होता.

तरी आठवड्याभरात गुरुजी मुलीला घेऊन स्वतः कॉलेजात आले. नोकरी राहू द्या, हिला तुमच्याच हाताखाली शिकू द्या, म्हणाले. पण त्या वर्षी आलेली ती एकटीच. एकीसाठी वर्ग चालवता येत नाही, असं संस्थेनं सांगितलं आणि शाखा गेली. मला वाटलं, सर आता भांडतील, निदान रुसून तरी बसतील. सरांनी गुरुजींना समोर बसवून घेतलं आणि हिला पुण्याला हाच विषय शिकायला पाठवा, म्हणून गळ घातली. आपली एकुलती एक विद्यार्थिनी दुसऱ्याला का देता, असं मी नंतर विचारलं.

"विषय जगला पाहिजे," ते म्हणाले. "माझ्याच वर्गात जगला पाहिजे असं थोडंच आहे?"

आता त्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आहेत आणि सर पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवतात. परवा स्टाफरूममध्ये सरांना गुरुजींच्या मुलीचा फोन आला. पुण्याच्या एका कॉलेजात तिला हाच विषय शिकवायला घेतलं होतं. सर "बरं, बरं" एवढंच म्हणाले, फोन ठेवला आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. या माणसाची मी इतकी वर्षं थट्टा करत आलो, पण त्यांच्यासारखा कशालाही जीव लावणं मला काही जमलं नाही. माझा तास सुरू झाला होता. मी गेलो नाही, त्यांच्या शेजारी बसून राहिलो.