खड्ड्याविषयी मंत्र्यांना विचारलेला प्रश्न

आमच्या गल्लीच्या मागे एक खड्डा आहे. पूर्वी ते तळे असावे. कडेच्या दोन पायऱ्या अजून दिसतात. तीन गल्ल्यांची गटारे त्यात येऊन पडतात आणि तिथेच थांबतात, कारण बाहेर जायला वाट नाही. त्याच्या दक्षिण काठापासून अरसलार नदीच्या कालव्यापर्यंतचे अंतर मी स्वतः दोरीने मोजले आहे. उतार नदीकडेच आहे. एक बंद गटार खणले की पाणी आपोआप वाहून जाईल. हे मला कळते, नगरपालिकेच्या ओव्हरसियरला कळते, आणि खड्ड्यात म्हशी धुणाऱ्या माणसालाही कळते.

माझी थोरली बहीण, अक्का, लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे आली. तिचा डावा पाय हत्तीपाय झालेला आहे. कुंभकोणात हे नवल नाही. बाहेरगावचे लोक आमच्या गावाचे नाव पानाच्या विड्यासाठी घेतात, पितळी भांड्यांसाठी घेतात आणि ह्या पायासाठी घेतात. अक्काच्या पायाची आम्हांला सवय झाली होती. पण एका वर्षी माझ्या धाकट्या मुलीला हिव भरून ताप आला, जांघेत गाठ आली आणि मांडीवरून खाली एक लाल रेघ उठली. तीन दिवसांनी सगळे उतरले. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि मला बाहेर ओसरीवर नेऊन सांगितले की सूज अजून राहिलेली नाही, पण असा प्रत्येक ताप थोडी थोडी मागे ठेवून जातो. औषध नाही. डास चावायचे थांबले तर पाय वाचेल.

डास त्या खड्ड्यातले. म्हणून मी नगरपालिकेकडे गेलो. तिथे सांगितले की आराखडा तयार आहे, सरकारचे अनुदान येत नाही. कलेक्टर कचेरीत सांगितले की सरकार तयार आहे, नगरपालिकेचा आराखडा येत नाही. दोन्ही ठिकाणचे कारकून सभ्य होते आणि दोघांनीही मला बसायला खुर्ची दिली.

मी ज्या वकीलसाहेबांकडे गुमास्ता आहे ते मद्रासच्या कौन्सिलात निवडून गेलेले होते. इंग्रज सरकारने दिलेल्या नव्या सुधारणांप्रमाणे आरोग्य आणि स्थानिक कारभार ही खाती आपल्यातल्याच मंत्र्यांकडे आली होती, आणि सभासदाने लेखी प्रश्न टाकला की मंत्र्याला उत्तर द्यावेच लागे. ते मला फार मोठे वाटे. माझे आजोबा तंजावरच्या मराठा राजाच्या वाड्यात कारकून होते. राज्य खालसा झाल्यावर त्यांनी गव्हर्नरला अर्ज केले होते आणि ते सगळे अर्जच राहिले. अर्जाला उत्तर दिलेच पाहिजे असे कोणावर बंधन नव्हते. प्रश्नाला होते.

वकीलसाहेबांनी मला मसुदा करायला सांगितले. मी दोन पाने लिहिली. त्यांनी लाल पेन्सिलीने ‘दुर्गंधीयुक्त’ काढले, ‘दुर्दैवी रहिवासी’ काढले आणि डॉक्टरांचे मत काढले.

“रायर,” ते म्हणाले. तमिळ लोक आम्हां मराठ्यांना रायरच म्हणतात. “प्रश्नात मत चालत नाही, तक्रार चालत नाही, विशेषण तर मुळीच चालत नाही. कौन्सिलचा चिटणीस प्रश्न परत पाठवील.”

शेवटी तीन कलमे उरली. अ: अमुक गल्लीमागील खड्ड्यात तीन गल्ल्यांचे सांडपाणी साचते व त्यात डासांची पैदास होते, हे सन्माननीय मंत्र्यांना माहीत आहे काय? आ: असल्यास, ते पाणी कालव्यात सोडण्याचा आराखडा सरकारकडे आला आहे काय? इ: आला असल्यास, काम केव्हा सुरू होईल? मी तो कागद स्वच्छ अक्षरात लिहिला आणि मला वाटले की ह्यातून निसटायला जागा नाही.

प्रश्न मद्रासला गेला आणि तिथून पायऱ्या उतरत परत आमच्याकडेच आला. मंत्र्याकडून खात्याला, खात्याकडून कलेक्टरला, कलेक्टरकडून नगरपालिकेला, आणि नगरपालिकेकडून आरोग्य इन्स्पेक्टरला. इन्स्पेक्टर भला माणूस होता. त्याने आदल्या दिवशी शिपाई पाठवून गल्लीला कळवले की उद्या सकाळी सरकारच्या हुकुमाने खड्ड्याची पाहणी आहे.

मी नेमका त्या दोन दिवसांत वकीलसाहेबांच्या एका खटल्यासाठी तंजावरला होतो. परत आलो तेव्हा संध्याकाळ होती आणि स्टेशनपासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर मला क्षणभर रस्ता चुकल्यासारखे वाटले. प्रत्येक दारापुढे सडा घातलेला होता, आणि कोलम, म्हणजे दारापुढच्या रांगोळ्या, रोजच्या नव्हत्या, पोंगलच्या सणाला काढतात तशा मोठ्या होत्या. मी सरळ मागच्या बाजूला गेलो. खड्ड्यावरची हिरवी साय कोणी तरी वेचून नेली होती. काठावरच्या उष्ट्या केळीच्या पानांचा ढीग नव्हता. पाण्यावर रॉकेल टाकले होते, ते उतरत्या उन्हात मोराच्या पिसासारखे चमकत होते. आमच्या शेजारच्या दुकानदाराने आख्खा डबा ओतला होता, गल्लीच्या अब्रूसाठी, एक पैसाही न घेता. एकही डास नव्हता.

अक्का ओसरीवर पाय लुगड्याखाली घेऊन बसली होती आणि खूश होती. तिनेच सगळ्या बायकांना जमवले होते. तिने मला सांगितले की इन्स्पेक्टर कसा मर्यादेने बोलला, दाराबाहेरच कसा उभा राहिला, तिने दिलेली कॉफी त्याने कशी वाखाणली आणि दूध कोणत्या गवळ्याचे म्हणून कसे विचारले.

“त्यांना घाण दाखवायची होती, अक्का,” मी म्हणालो. “ते घाण बघायलाच आले होते.”

“सरकारचा माणूस दारी येतो आणि आपण त्यास घाण दाखवायची?” ती म्हणाली. “तुला शिक्षण झाले, पण शहाणपण झाले नाही. पाहुणा यायचा असता घर कोणी न झाडता ठेवितो काय?”

मी तिला तीनदा समजावून सांगितले. तिने तीनदा ऐकून घेतले. मग तिने विचारले की मी तंजावरला जेवलो की नाही.

उत्तर दोन महिन्यांनी आले. वकीलसाहेबांनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला. अ: खड्ड्याची पाहणी करण्यात आली. पाणी स्वच्छ असून डासांच्या अळ्या आढळल्या नाहीत. आ: कलम अ च्या उत्तरावरून हा प्रश्न उद्भवत नाही. इ: प्रश्न उद्भवत नाही. त्यांनी सभेत उभे राहून तोंडी उपप्रश्नही विचारला होता, मंत्री स्वतः येऊन पाहतील काय म्हणून. मंत्री म्हणाले की त्यासाठी वेगळ्या प्रश्नाची लेखी सूचना द्यावी. त्यावर पुढच्या बाकावर कोणी हसलेही.

“तुमच्या गल्लीने मंत्र्याला वाचवले,” वकीलसाहेब म्हणाले. “मला वाटले होते मी त्याला धरला.”

त्या दिवशी मुलीला चौथ्यांदा ताप आलेला होता.

दुसऱ्या प्रश्नासाठी वकीलसाहेबांनी एक नवे कलम सुचवले. ह्या गल्लीत किती माणसांना हत्तीपाय आहे, ते विचारायचे. पण आधी खरा आकडा आपल्या हाती हवा, नाही तर मंत्री ‘माहिती नाही’ म्हणून मोकळे होतील. आकड्याचे काम मला आवडते. मी रविवारी सकाळी निघालो आणि प्रत्येक दारी उभा राहून विचारले.

पहिल्या घरी सांगितले, आमच्याकडे कोणी नाही. त्या घरच्या म्हाताऱ्याचे दोन्ही पाय मी लहानपणापासून पाहत आलो आहे, तो आत खोकत होता. दुसऱ्या घरी कोणी नाही. तिसऱ्या घरी सून पडद्याआड सरकली आणि सासूने सांगितले, कोणी नाही. ज्या दुकानदाराने रॉकेल ओतले त्याच्या बायकोचा पाय तर सगळ्या गावाला ठाऊक होता. तो मला आत घेऊन गेला, त्याने दार लोटले आणि मग तो बोलला.

“रायर, तुम्ही हे छापणार. गल्लीचे नाव घालून छापणार. मद्रासहून तो कागद सगळीकडे जाणार. मग मायावरम् आणि मन्नारगुडीचे लोक म्हणतील, त्या गल्लीतली मुलगी नको, तिचा पाय उद्या फुगेल. माझ्या तीन मुली आहेत. तुमचीही एक आहे.”

“गटार झाले तर कोणाचाच पाय फुगणार नाही,” मी म्हणालो.

“गटार केव्हा होईल ते सांगा. माझ्या थोरलीसाठी वैशाखात बघायला येणार आहेत.”

उरलेल्या दारी विचारून मी घरी आलो. शेवटपर्यंत एकाही घराने होय म्हटले नव्हते. अक्काने मला पाणी दिले आणि म्हणाली, “मला लिही. माझे काय व्हायचे राहिले आहे? एक म्हणून लिही. पण पोरीला मोजू नकोस.”

पोरीला मोजायचे की नाही, ह्यावर मी दोन दिवस अडलो होतो. कलम सुजलेल्या पायांचे होते. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे तिला ताप होता, सूज राहिली नव्हती. म्हणजे नियमाने ती आकड्यात बसत नव्हती. आकडा एक. तो अगदी बरोबर होता, आणि इतका खोटा आकडा मी उभ्या जन्मात कोणाच्या हाती दिलेला नाही.

वकीलसाहेबांनी तो पाहिला आणि लाल पेन्सील उचलली. मग म्हणाले, “एका पायासाठी गटार बांधणारे सरकार अजून जन्मायचे आहे, रायर.” त्यांनी ते कलम खोडले. उरलेला प्रश्न फक्त आराखड्याचा गेला. कौन्सिलात त्याचा क्रमांक यायच्या आत प्रश्नांची वेळ संपली, म्हणून उत्तर नुसते मेजावर ठेवले गेले. बाब सरकारच्या विचाराधीन आहे, एवढेच त्यात होते. तोवर पाण्यावर साय पुन्हा धरली होती.

मी राजकारणी माणूस नाही. एवढे मात्र मला कळले की ज्याला उत्तर द्यावेच लागते त्याला गटार बांधावेच लागते असे नाही. ती दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले नीट केले की दुसरे मागणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. वकीलसाहेब अजून प्रश्न टाकतात. मी अजून मसुदे करतो. त्यांना वाटते की एखादे दिवशी मंत्री चुकेल. मला वाटते की इथे मंत्री चुकलाच नाही, आम्ही चुकलो. आणि तरी अक्काला मी दोष देऊ शकत नाही. दुकानदारालाही नाही.

पाचव्या तापानंतर डॉक्टर म्हणाले की थांबू नका. माझ्या मेव्हण्याचे घर तिरुच्चीच्या पलीकडे कोरड्या माळावर आहे. तिथे विहीर शंभर हात खाली आणि पाणी घागरीने मोजून वापरतात. मी मुलीला तिथे नेऊन सोडले. गाडीत तिने मला एवढेच विचारले की मामाकडे मराठी बोलतात की तमिळ. मी म्हणालो, घरात मराठी.

तिचे पत्र आले आहे. ताप पुन्हा आलेला नाही. पाय दोन्ही सारखे आहेत, मामीने सूत लावून पाहिले म्हणे. पत्र मी अक्काला वाचून दाखवले. तिने ते दोनदा वाचायला लावले आणि विचारले, दिवाळीला आणायची ना? मी म्हणालो, आणायची नाही. मग पोंगलला, ती म्हणाली. मी पत्राची घडी घातली. मागच्या बाजूने डास यायची वेळ झाली होती, तिने उठून दार लावले आणि ती पाय ओढत आत चुलीकडे गेली.