प्रोस्पेरोची कुरकुर

कामोलीत कुणी तुमच्याशी गोड बोलायला लागलं, तर समजावं की एक तर तुम्ही परके आहात, नाहीतर तुमचं काही खरं नाही. आमच्या किनाऱ्यावर माया अशी उघडी हातावर ठेवत नाहीत. कुरकुरीत गुंडाळून देतात. म्हणतात की जुन्या काळी इथले खलाशी जहाजावर चढण्याआधी मालकाला सांगायचे, पगार थोडा कमी दे, पण कुरकुर करायची मुभा दे. खरंखोटं देव जाणे. पण आजही एखादं गिऱ्हाईक पाव, हवा, नगरपालिका यांपैकी एकालाही नावं न ठेवता बेकरीतून निघालं, तर बेकरीवाली दारापर्यंत येऊन विचारते, "तब्येत बरी आहे ना?"

अशा गावात प्रोस्पेरो ओलिव्हारी हा कुरकुरीचा बादशहा होता. जन्मभर त्याने किनाऱ्यावरच्या रस्त्याची बस चालवली. प्रत्येक वळणाला त्याचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असे, आणि लोक घरी जाऊन ते जेवताना सांगत. समुद्र निळा असला तर "उगाच डोळ्यांवर येतो", राखाडी असला तर "धुण्याचं पाणी बरं". स्वतःच्या लग्नात त्याने पाद्रीबुवांना मेणबत्ती वाकडी असल्याचं भर प्रार्थनेत सांगितलं होतं. पहिली मुलगी झाली तेव्हा तिला पाहून म्हणाला, "नाक माझ्या सासूचं. आता काय करणार!" आणि तीच मुलगी ढकलगाडीत घालून दिवसभर धक्क्यावर फिरत राहिला, म्हणजे गावातल्या एकाही माणसाची ती बघायची राहू नये.

ती मुलगी म्हणजे निक्ला. आता पन्नाशी ओलांडलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, आई गेल्यापासून बापाबरोबर एकटी राहणारी. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. बाप होता ना.

गेल्या शरदात प्रोस्पेरोचे डोळे तपासले आणि त्याचा गाडीचा परवाना पुन्हा मिळाला नाही. ऐंशी उलटलेल्या माणसाचं हे कधीतरी होणारच. निक्लाला वाटलं, आता डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. पण दोघं दवाखान्यातून घरी आले, त्याने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाला, "ठीक आहे."

तेव्हापासून तो एवढंच बोलायचा. ठीक आहे. छान आहे. तुम्ही म्हणाल तसं. सूप कसं झालंय? छान. वारा सुटलाय, खिडकी लावू? तुम्ही म्हणाल तसं. बापाचं दुःख हलकं व्हावं म्हणून तिने गावभर सगळ्यांना सांगून ठेवलं, बाबाला टोचून बोलू नका, जरा जपा. आणि लोकांनीही खरोखर जपलं.

मग तुरीनहून अँपेलिओचा फोन आला. अँपेलिओ तिचा धाकटा भाऊ. बरीच वर्षं तुरीनला राहून तिथल्यासारखाच मऊ झालेला. आधी हवापाणी झालं, मग अंजिरांची चौकशी झाली, आणि ताकाला जाऊन भांडं लपवता लपवता शेवटी तो म्हणाला, "नाताळनंतर बाबाला इकडे घेऊन येतो. लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. मी विचारलंय त्याला."

"काय म्हणाला?"

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणाला."

समुद्रापासून उचलून त्या धुक्याच्या शहरात नेलेला बाप निक्लाच्या डोळ्यांपुढे आला: अंगणाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी बसलेला आणि सगळ्याला छान म्हणणारा. तो तिथे वर्षभरही जगायचा नाही, आणि जगला तरी तो प्रोस्पेरो नसेल.

"आधी एक सहल करू," ती म्हणाली. "नोव्हेंबरात, तुझ्या बायकोसकट आपण चौघं. बाबा जरा तरी पहिल्यासारखा झाला, तर तो इथेच राहील. नाही झाला, तर ने."

"चालेल. मी मोठी गाडी आणतो."

"गाडी नको! मुलगा गाडी चालवतोय आणि आपण मागे पार्सलसारखे बसलोय, हे त्याला दाखवायचंय का तुला? आगगाडीने जायचं."

त्या दिवसापासून निक्लाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. शाळेतल्या भल्यामोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप ढवळता ढवळता ती किनाऱ्याने निघून जायची. पुढच्या सेस्त्री गावापर्यंतचा किनारा बाबाला पाठ होता, पण तिथून पुढे मोठा रस्ता समुद्र सोडून डोंगरात शिरतो. पाण्याला चिकटून जाते ती फक्त आगगाडी. म्हणजे तिथून पुढचा समुद्र बाबाने कधी खालून पाहिलाच नव्हता. अलीकडचाही त्याने वळणावर एक डोळा टाकून पाहिलेला; दुसरा कायम रस्त्यावर. निक्ला मनातल्या मनात त्याला खिडकीशी बसवायची, स्टेशनं त्याच्यासमोर एकेक करून मांडायची. पर्यटक गेलेले, छत्र्या मिटलेल्या, वाळू पुन्हा गावाची झालेली. दुकानदार पायऱ्यांवर बसून पाठ शेकताहेत. कुठूनतरी चेस्टनटच्या पिठाच्या केकचा वास येतोय. त्या ओल्या, सोनेरी नोव्हेंबरात बाबा खिडकीची काच पुसतो आणि म्हणतो, काय ही घाणेरडी काच! एवढं एक वाक्य ऐकायला ती जगाच्या टोकाला गेली असती. सूप खाली लागलं की ती भानावर यायची.

मुक्कामाला तिने सेस्त्रीपुढचं बोनास्सोला गाव निवडलं. तिथे सेवेरिना नावाच्या बाईचं खानावळवजा घर होतं. हंगाम संपला तरी ती म्हणाली, या, खोल्या उघडते.

"बाबा, बोनास्सोलाला जाऊ या? आगगाडीने?"

"तुम्ही म्हणाल तसं."

आदल्या दिवशी अँपेलिओ आणि त्याची बायको लोरेदाना आले. लोरेदाना मूळची तिकडचीच. मनाने सोन्यासारखी, पण वाक्याच्या दोन्ही टोकांना आभार लावणारी. सकाळी निघताना प्रोस्पेरोने स्वतः भरलेली जुनी बॅग दारात आणून ठेवली. निक्लाने ती उचलली आणि तिचा खांदाच उतरला. ओठावर आलेला शब्द तिने गिळला. "किती छान भरलीस रे, बाबा," ती म्हणाली.

समुद्राच्या बाजूची जागा त्यालाच दिली. गाडी निघाली. आमच्या किनाऱ्यावर आगगाडी धावदोऱ्यासारखी जाते: क्षणभर वर, क्षणभर डोंगराच्या आत. काळोख, मग एकदम पाणी, खडक, खडकावर गळ टाकून उभा एक माणूस, पुन्हा काळोख. सेस्त्रीला गाडी बदलल्यावर तर बोगदेच बोगदे आणि मधल्या फटींतून समुद्र. अंधारात काचेवर चौघांचे चेहरे उमटायचे, आणि पाणी आलं की ते पाण्यात विरून जायचे. निक्लाला वाटलं, आपण जागेच नाही, कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत. तिने बापाकडे पाहिलं. त्याचा हात काचेवर टेकलेला होता, आणि प्रत्येक बोगद्यानंतर तो काहीतरी मोजून मनात ठेवत असल्यासारखा बघत होता.

"कसं वाटतंय, बाबा?"

"छान आहे. फार छान केलंत."

अँपेलिओने बहिणीकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

बोनास्सोलाला उतरले तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. सेवेरिनाच्या घराची सगळी दारं-खिडक्या बंद. समोरच्या बाल्कनीतून एक म्हातारी ओरडली, "ऑलिव्ह उतरवायला गेलीये ती! येईल अंधाराआधी!" नोव्हेंबरात ऑलिव्हची झाडं हाक मारतात तेव्हा आमच्याकडे पाहुणा काय नि पोप काय, सगळे थांबतात. घराच्या भिंतीला लागून एक बाक होता. छपराची वळचण तिथवर अर्धीच पोचत होती. चौघं तिथे बसले.

"मजा आहे ना, बाबा?" अँपेलिओ म्हणाला.

"छान आहे."

"बाबा, तुम्हाला थंडी नाही ना वाजत?" लोरेदाना म्हणाली. "माफ करा हं, स्वेटर काढून देऊ का?"

"नको, राणी. आभारी आहे."

प्रोस्पेरो ओलिव्हारी आभार मानत होता! निक्ला झटक्यात उठली, तिने जुनी बॅग ओढली आणि स्वेटर शोधायला उघडली. आत काळा सूट होता. कडक घडीचा. पांढरा शर्ट, टाय, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पॉलिश केलेले बूट. स्वेटरचा पत्ता नाही.

मग मात्र वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"हे काय आहे? सूट? नोव्हेंबरात समुद्रावर सूट? कुणाच्या लग्नाला निघालायस? सेस्त्रीच्या जिन्यांवर माझा खांदा निखळायचा बाकी राहिला, आणि आत काय, तर बूट! स्वेटर कुठाय? घरी! डोकं आहे की भोपळा? आणि वर म्हणे छान आहे! कुठे छान आहे? दार बंद, पाऊस लागतोय, बाक ओला, आणि हा बसलाय पुतळ्यासारखा! कान किटले माझे तुझं छान छान ऐकून!"

"निक्ला, हळू बोल," अँपेलिओ घाबरून म्हणाला.

"हळू काय, हळू? वर्षभर हळूच बोलतेय!"

प्रोस्पेरोने मान वर केली. त्याचे म्हातारे डोळे काठोकाठ भरले होते.

"ओरडलीस माझ्यावर," तो म्हणाला.

"हो, ओरडले! काय करशील?"

"म्हणजे... मी मरत नाहीये?"

समोरच्या बाल्कनीतली म्हातारीसुद्धा आत जायची थांबली.

"डॉक्टरने डोळे तपासले," प्रोस्पेरो सावकाश सांगू लागला, "आणि मग तुला बाजूला घेऊन बोलला. त्या दिवसापासून सगळे गोड. बेकरीवाली न सांगता ताजा पाव देते. जाकोमो मला पत्त्यांत जिंकू देतो. जाकोमो! त्याने सख्ख्या आईला कधी जिंकू दिलं नाही. म्हटलं, संपलं. यांना काहीतरी कळलंय आणि माझ्यापासून लपवताहेत. मग ही सहल निघाली. आडहंगामात, सगळे एकत्र. हा तुरीनवाला रजा टाकून आला. हा आईच्या वर्षश्राद्धाला तरी रजा घेतो का? म्हटलं, शेवटची दिसतेय. मुलं एवढं करताहेत, तर आपण तोंड वाकडं कशाला करायचं. सूट घेतला, म्हणजे इथेच काही झालं तर तुम्हाला कपड्यांसाठी परत धावायला नको."

निक्ला ओल्या बाकावर त्याच्याशेजारी धपकन बसली. वर्षभर आपण बापाला जपत नव्हतो, त्याला रोज थोडं थोडं पुरत होतो, हे तिला कळलं आणि ती रडायला लागली. रडता रडताच तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली.

"अरे येड्या, डॉक्टर डोळ्यांत घालायच्या थेंबांचं सांगत होता! तू कंजूष, बाटली महिनाभर पुरवशील म्हणून मला सांगितलं! डोळे म्हातारे झालेत, बाकी घोडा आहेस घोडा!"

"घोडा?"

"घोडा!"

प्रोस्पेरोने बाकावर हात फिरवला, तळवा पाहिला आणि त्याच्या कपाळावर हळूहळू आठ्या जमल्या.

"मग हा बाक," तो म्हणाला, "कुठल्या गाढवाने भिंतीपासून इतका पुढे बसवलाय? वळचण तिथे, बाक इथे. आणि ती गाडी! समुद्र दाखवते आणि काढून घेते. दाखवते आणि काढून घेते. मी बस अशी चालवली असती, तर लोकांनी मला कानाला धरून खाली उतरवलं असतं. काच तर जन्मात धुतलेली नाही. आणि तू रे अँपेलिओ, रजा घेतलीस तीही पावसात! लोरेदाना, तू एवढी माफी मागतेस, काय चोरलंयस काय आमच्या घरातून?"

लोरेदाना आधी गोरीमोरी झाली, आणि मग इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

अंधाराआधी सेवेरिना आली, डोक्यात पानं आणि हातात बादली घेऊन. "या वयात माणसाला बाकावर बसवलंत," प्रोस्पेरो म्हणाला. "मग उभं राहायचं होतं," सेवेरिनाने कुलूप काढता काढता सुनावलं. त्याला ती बाई फार आवडली. रात्री अक्रोडाच्या चटणीतली तिचा पास्ता त्याने दोनदा मागून घेतला आणि दोन्ही वेळा नावं ठेवली.

सकाळी ऊन पडलं. आगगाडीचे जुने बोगदे आता चालायला मोकळे केलेत. रूळ गेले, समुद्राकडची भगदाडं तेवढी राहिली. सामान घेऊन चौघं त्यातून पुढच्या स्टेशनकडे सावकाश चालली होती. गारवा, थेंब टपकल्याचा आवाज, मग एकदम उजेड आणि पायाशी हलणारं हिरवं पाणी. काल गाडीने हिसकावून घेतलेला समुद्र आज हवा तेवढा वेळ समोर थांबत होता. निक्ला पुढे होती. या उजेडातून असंच चालत राहावं, कुठे पोचूच नये, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात मागून तिला भावाचा आवाज ऐकू आला.

"बाबा, ते तुरीनचं... म्हणजे लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे..."

निक्ला वळली नाही. तिची पावलं मात्र जड झाली.

प्रोस्पेरो एका भगदाडापाशी थांबला. "तुझ्या घरी माझ्याशी सगळे कसे बोलतील?" त्याने विचारलं.

"चांगलंच बोलतील, बाबा."

"तेच तर."

पुढच्या काळोखातून निक्लाचा आवाज बोगदाभर घुमत आला. रडू लपवायला ती जास्तच मोठ्याने ओरडत होती. "अरे, पाय उचला की! तिथे काय मुळं फुटली का तुम्हाला? बाबा, मफलर गळ्यात बांधतात, हातात धरत नाहीत!"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"ऐकलंस?" तो मुलाला म्हणाला. "आता सांग, कुठे नेतोस मला?"

अँपेलिओने जुनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.