शंभर-शंभर पानांचे तुकडे

दादानं धाकट्याचं डोकं पहिल्यांदा भिंतीवर आपटलं तेव्हा मी त्याच खोलीत वहीच्या पानांचे फोटो काढत होते. माझ्यापासून दोन हातांवर. धाकट्याच्या भुवईतून रक्त आलं, ते त्यानं पालथ्या हातानं पुसलं आणि दादाच्या पोटात गुडघा घातला. मी पान उलटलं. काय करणार होते? बाबांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि माझ्या या दोन भावांची मारामारी एव्हाना चहासारखी दिवसातून दोनदा व्हायला लागली होती.

आम्ही बनारसचे मराठी. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी पंचगंगा घाटावर आम्ही पिढ्यानपिढ्या करतो. करतो म्हणजे पुरुष करतात, मी शाळेत कंप्यूटर शिकवते. यजमान आला की त्याचं गाव विचारायचं, त्या गावाची वही काढायची आणि त्याच्या आज्या-पणज्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली नावं त्याला दाखवायची. मग तोही खाली आपलं कुटुंब लिहून सही करतो. सही ज्याच्या वहीत, यजमान त्याचा. आमच्याकडे हाच कायदा, आणि त्यापायी फुटलेली डोकी मी लहानपणापासून बघत आलेय.

वह्या मात्र मरायला टेकल्या होत्या. हात लावला की कागदाचा भुगा. म्हणून मी सगळ्या पानांचे फोटो काढून एकच पीडीएफ केली, दोन हजारांवर पानांची, आणि कागद लाल कपड्यात बांधून देवघराखाली ठेवून दिले. फाईल इतकी अवजड झाली की दोघांच्या फोनवर उघडायला गेलं की फोन तापून बंदच पडायचा. तुकडे करणं भागच होतं. शिवाय अख्खी दोघांनाही दिली असती तर दोघंही येईल त्या यजमानावर झडप घालणार. तेव्हा ठरलं की तुकडे ताईनं, म्हणजे मी, करायचे, अर्धे दादाला, अर्धे धाकट्याला, आणि ती देईल ते मुकाट घ्यायचं.

कुठून कापायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या वहीत नवं गाव सुरू झालं की त्या पानाच्या माथ्यावर कुंकवाचं बोट उमटवायची रीत आहे. बोट दिसलं की तिथून नवी फाईल. पण त्यासाठी दोन हजार पानं एकेक करून नजरेखालून घालायची होती. मी बसलेही. शे-दीडशे पानं झाली असतील, तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडी कोसळली. जाऊन बघते तर धाकट्यानं तापलेला चिमटा दादाच्या मनगटावर दाबून धरलेला, आणि दादा ओरडायचं सोडून त्याच्या खांद्याला चावत होता. कारण काय, तर फाईल कधी मिळणार.

दोघांना मी अशा शिव्या हासडल्या की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. तशीच परत आले आणि लॅपटॉपवर दुसराच पर्याय दाबला, दर शंभर पानांना एक तुकडा. मिनिटभरात खेळ खलास. एकाआड एक वाटून टाकले, पहिला दादाला, दुसरा धाकट्याला, तिसरा दादाला. जा, मरा म्हटलं. खरंच म्हटलं तसं.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका रविवारी सकाळी मी दोघांचा चहा घेऊन घाटावर उतरले. दोघं एकाच छत्रीखाली, एकाच लाकडी तख्तावर, पण एकमेकांकडे पाठ करून बसलेले. समोर साताऱ्याकडचे एक गृहस्थ उभे होते, पन्नाशीचे. आईच्या अस्थींचं मडकं त्यांनी छातीशी धरलं होतं.

"वडील मी लहान असताना इथं येऊन गेले," ते म्हणाले. "त्यांचं अक्षर घरात कुठं राहिलं नाही. तेवढं एकदा दाखवा, मग आईचं करू."

दादानं गाव विचारलं आणि आपल्या सातव्या फाईलीत शोधलं. अगदी शेवटच्या पानावर त्यांच्या आजोबांनी लिहिलेलं कुटुंब सापडलं, आणि तिथंच फाईल संपली. वडलांनी लिहिलेलं पुढच्या पानावर, म्हणजे आठव्या फाईलीत. धाकट्यानं ते उघडलंसुद्धा.

"सही इथं आहे. यजमान माझे," तो म्हणाला.

"गाव माझ्याकडे सुरू होतं. ते पान दे."

"ताईनं दिलंय. नाही देणार, जो करना है कर लो."

कुंकवाचं बोट तीन पानं मागे राहिलं होतं आणि मी गावाच्या मधूनच सुरी फिरवली होती.

दादानं त्याच्या कानशिलात अशी लगावली की तो तख्तावरून खालीच गेला. उठला तो दादाचा फोन घेऊन, आणि तो त्यानं गंगेत भिरकावला. मग दादानं त्याचा गळा धरला. पायऱ्यांवरून फरफटत त्याला खाली नेला, कोपरं दगडांवर सोलत, आणि शेवटच्या पायरीवर गुडघा त्याच्या पाठीत रोवून त्याचं तोंड पाण्यात दाबलं. धाकटा पाय झाडत होता. एक नाववाला ओरडत होता, "अरे छोड़िए महाराज, मर जाएगा." बाकीचे फोनवर शूटिंग करत होते. पाय झाडणं हळूहळू कमी झालं, ते मी बघितलं.

तख्ताशी गंगाजलाची तांब्याची कळशी होती, भरलेली. ती घेऊन मी धावले आणि मागून दादाच्या डोक्यात घातली. मग दुसऱ्यांदा घातली, उजव्या कानावर. तो आडवा झाला. धाकटा पाण्यातून वर आला, ओकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. दादाच्या कानातून रक्त पायरीवर येत होतं, आणि माझ्या साडीवरही.

ते गृहस्थ जागचे हलले नव्हते. मडकं तसंच छातीशी. कोरड्या आवाजात म्हणाले, "बाई, तेवढी सही दाखवता का?" धाकट्याचा फोन तख्तावर पडला होता. मी दाखवली. काचेवर माझं रक्ताचं बोट उमटलं, ते त्यांनीच रुमालानं पुसलं आणि बराच वेळ वाचत राहिले. मग मंत्रतंत्र न करता, एकटेच पाण्यात उतरले.

इस्पितळात दादानं सांगितलं, पायरीवरून घसरलो. त्यानंतर मी तीन आठवडे बसून सगळी पानं पाहिली आणि कुंकवाच्या बोटांवरून नव्यानं फाईली केल्या. त्यावर आजवर एकही भांडण झालेलं नाही. दादाचा उजवा कान मात्र गेला तो गेलाच. गेलेल्या माणसाचं नाव यजमान हळू सांगतात. दादाला ते तीन-तीनदा विचारावं लागतं, मग लोक आपल्या आईचं नाव घाटभर ऐकू जाईल असं ओरडून सांगतात.

घाटावर सगळ्यांना मी सांगत आले की तो सोडतच नव्हता, म्हणून दुसऱ्यांदा मारावं लागलं. घरीही तेच सांगितलं.

परवा चहा द्यायला गेले तेव्हा दादा नदीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्यांदा का मारलंस गं? पहिल्यालाच मी सोडला होता त्याला."

मी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते. तिथूनच, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हात सुटलेला मला दिसला होता, दादा."

"काय म्हणालीस?" त्यानं डावा कान माझ्याकडे वळवला.

"चहा निवतोय," मी म्हणाले.