पहिल्या पोत्यावरचं कुंकू

प्रभाकर नेरूरकर गेल्या महिन्यात मोगादिशूत, बंदरातून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोळ्या लागून मरण पावला. शारजातल्या रोल्ला भागातल्या त्याच्या दुकानात ही बातमी फॅक्सने आली. नाव चुकलेलं होतं, वर्णन बरोबर होतं.

शारजाहून सोमालियाला तांदूळ पाठवणं हा त्याचा धंदा. मोगादिशू दोन गटांनी वाटून घेतलं होतं. परदेशी फौजा निघून गेल्या होत्या, परदेशी शस्त्रं येतच होती. प्रभाकर दोन्ही गटांना माल विकायचा. "पत्रकारसाहेब, दोघांच्याही घरी भातच शिजतो," तो मला चिडवत म्हणायचा. "बाजू तुम्ही घ्या. मला दुकान चालवायचंय." मागची खेप वाटेत लुटली गेली, म्हणून या वेळी तो स्वतः गलबतावर चढला. धक्क्यावर म्हणाला, "आलो की जेवायला ये. वहिनी तुझी वाटच बघते, भांडायला कुणी नसतं तिला..."

प्रत्येक खेपेच्या पहिल्या पोत्याला त्याची बायको, सुनंदावहिनी, हळदकुंकू लावत, पाच बोटं ओढून. ते पोतं गलबतात तळाशी जाई, त्यामुळे शेवटी उतरे आणि ट्रकवर सर्वांत वर येई. इतकी वर्षं त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. या वेळी, खेप समुद्रात असताना, एका गटाने आपल्या धान्यावर लाल-पिवळे पट्टे मारायला सुरुवात केली होती. शहराकडे जाणाऱ्या त्या रस्त्याच्या नाक्यावर दुसरा गट होता.

पट्टेवाल्या गटाने प्रेत उचललं, त्याला शहीद ठरवलं आणि आपल्या कबरस्तानात पुरलं. वहिनींना अग्नी द्यायला देह हवा होता. आम्ही त्या गटाच्या दुबईतल्या माणसाकडे गेलो.

"बोरी पे निशान किसने लगाया था?" त्याने विचारलं.

"मैंने," वहिनी म्हणाल्या.

तो उठून उभा राहिला. "फिर तो आप हमारी बहन हैं. लेकिन शहीद को निकालते नहीं."

"डॅडी वॉज नॉट फायटिंग, अंकल," वहिनींची मुलगी म्हणाली. त्याने तिच्यासाठी ज्यूस मागवला.

वहिनी तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा त्याने इन्शाल्ला म्हटलं...

गेल्या आठवड्यात मोगादिशूचा तो भाग दुसऱ्या गटाने जिंकला. तिथून परतलेल्या दोन गलबतांच्या तांडेलांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली. कबरस्तानावर बुलडोझर फिरवण्यात आला. आता तिथे त्या गटाचे ट्रक उभे असतात.