सिंदफणेकाठी उघडलेलं चेंबर

निजाम सरकारच्या फौजेत मी लॉरीचा मिस्त्री होतो. पोस्टिंग बीडला. काम सरळ: इंजिन खोलायचं, धुवायचं, पुसायचं, बसवायचं. त्या पुसण्यावरून मी लई जणांशी भांडलोय.

एका हिवाळ्यात उमापूरकडं दरोडेखोरांशी चकमक झाली. आमचा मारुती, शिरूर कासारचा धनगर, जागीच गेला. दुसरा शिपाई गणपत, त्याच्या मांडीत गोळी घुसली. दोघांना लॉरीत घालून आम्ही बीडच्या दवाखान्याकडं निघालो. मारुतीवर त्याचाच जुना साफा पांघरला होता.

सकाळी अकराला सिंदफणा ओलांडली आणि लॉरी बंद पडली. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग फाटून आत नदीचं पाणी शिरलं होतं. तेलाचं ताक झालेलं. बीड अजून सहा कोस, आणि गणपतचं रक्त थांबत नव्हतं.

"बैलगाडी बोलवू?" आमच्या तुकडीच्या जमादारांनी विचारलं.

"संध्याकाळ हुईल. तवर ह्यो राहत न्हाई. दीड तास द्या."

चेंबर उतरवून पेट्रोलनं धुतलं. रिपोर्टाच्या वहीच्या पुठ्ठ्याचं नवं पॅकिंग कापलं, जवळच्या वस्तीवरून आणलेल्या जवसाच्या तेलात भिजवलं. तोवर जमादार शेतातला मूठभर कापूस घेऊन आले.

"पूस अन् लाव. जल्दी."

माझं डोकं फिरलं. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! कापसाचा एक तंतू मधी राहिला तर तिथूनच तेल गळंल, साब. कोसभरात इंजिन जाम. धुवून धुवून इरलेलं कापड पायजे."

आमची खाकी तेला-मातीनं माखलेली. तसं कापड एकच होतं, मारुतीवरचा साफा. माझा हात पुढं होईना.

"कावून थांबला बे?" गणपत आतून म्हणाला. "घे. मारुत्या न्हाई म्हनला नसता."

साफ्याचा अर्धा भाग फाडला. चेंबरची अन् इंजिनाची, दोन्ही कडा बोटाला कोरड्या लागेपर्यंत पुसल्या. पॅकिंग बसवलं. समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले. लॉरीतल्या डब्यातलं नवं तेल भरून साडेबाराला हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. जमादार स्वतः मातीत आडवे होऊन खालून बघून आले.

"एक थेंब न्हाई," म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी.

दीडच्या आत बीड गाठलं. गणपतचा जीवही राहिला, पायही.

उरलेला अर्धा साफा मी शिरूरला मारुतीच्या आईला नेऊन दिला. बाकीचा कुठं गेला अन् गणपत कसा वाचला तेही सांगितलं. सांगताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. तिनं तो तुकडा मांडीवर पसरला.

"त्यो पोरगा मला दाव एकदा."

तीन महिन्यांनी गणपत आपल्या पायांनी तिच्या दारात गेला. म्हातारीनं त्याला मारुतीच्या जागेवर बसवून जेवू घातलं. बघायला जमलेल्यांना ती एवढंच सांगत होती, "माझ्या मारुतीनं वाचिवलेला हाय."