महिपतीचे दोन शब्द

महिपतीला बोलता येत नव्हतं असं कुणी म्हटलं, तर त्याची बायको रतनबाई हसून लोळली असती. घरात त्याच्या तोंडाला लगाम नव्हता. बैलाला शिव्या, बायकोला हुकूम, पावसाला टोमणे आणि वर इंग्रज सरकारला चार सल्ले, सगळं न्याहारीच्या आत उरकायचं. "माजं दळान संपतंय, पर ह्यांची टकळी न्हाई संपत," रतनबाई म्हणायची. पण हाच गडी चावडीपुढं चार माणसांत उभा राहिला, की गुडघे लटलटायचे, जीभ टाळूला चिकटायची आणि मुंडाशातून घामाच्या धारा लागायच्या.

गाव कामशेत आणि लोणावळ्याच्या मधलं, इंद्रायणीकाठचं, साठेक उंबऱ्यांचं. एकदा तिथल्या शाळेत बक्षीस समारंभ होता. घरातर्फे बोलायचं काम नेहमी थोरला भाऊ बहिरू करायचा, पण त्या दिवशी तो तळेगावच्या बाजाराला गेलेला. दत्तोबा मास्तरांनी हौसेनं जाहीर केलं, "आता महिपतराव दोन शब्द बोलतील." महिपतराव उठले. समोर पोरं बसलेली, मोठी माणसं बसलेली, दारातलं कुत्रंसुद्धा बसलेलं. महिपतीनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आवंढा गिळला आणि म्हणाला, "बसा." आणि स्वतःच बसला. त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव बसाराव ठेवलं.

बहिरू होता तोवर हे हसण्यावारी गेलं. मग एका भाद्रपदात बहिरू तापानं अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. जाताना त्यानं आई बयाबाई आणि बायको झुंबरबाई यांच्या समोर धाकट्या भावाचा हात धरला. म्हणाला, "वढ्याकाठचं खाचर झुंबरच्या नावावर कर. तिला आन् चिंगीला कुणाच्या तोंडाकडं बघाया लावू नगं." चिंगी म्हणजे त्याची तीन वर्षांची लेक. महिपती ढसाढसा रडला आणि हो म्हणाला. ते रडणं खरं होतं, उगाच खोटं कशाला बोला.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला, पण कावळा काही शिवेना. अंबाजी पाटील म्हणाले, "महिपती, बहिरूचं मन कशात आडकलं आसंल ते तुला ठावं हाय. चार माणसांत बोलून टाक." महिपती उभा राहिला. त त, प प. पुढं काही नाही. तेही खरंच होतं, त्याची बोबडीच वळली होती. शेवटी उन्हं डोक्यावर आली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले. जाता जाता म्हणाले, "भावाच्या दुःखानं वाचाच बसली बिचाऱ्याची."

त्या दिवशी महिपतीला शोध लागला. इतके दिवस ज्याला तो दुखणं समजत होता, ती दुभती म्हैस निघाली.

पुढची सहा वर्षं झुंबरबाईनं जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा तेव्हा तो चुलीपुढं बसून छातीवर हात मारायचा. "वैनी, वढ्याकाठचं खाचर तुमचं! माज्या तोंडचा शबूद हाय."

"मग भावजी, चावडीवर तलाठी आलाय. त्याच्याम्होरं येवडंच बोला की."

"तुमाला माजं दुखणं ठावं न्हाई का? चार माणसं दिसली की माजी वाचा जाती. तुमीच आसं म्हणाया लागलात तर मी कुनाकडं बघायचं?" आणि वर डोळ्यांत पाणी.

झुंबरबाई पुन्हा कामाला लागायची. आषाढात त्याच खाचरात पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून भाताची लावणी करायची, दिवाळीनंतर कापायची, झोडायची, कांडायची. तिथला आंबेमोहोर गाडीत भरून लोणावळ्याच्या बंगल्यांना जायचा, महिपतीच्या अंगावर नवा कोट चढायचा, आणि कांडताना तुटून खाली राहिलेली कणी झुंबरबाईच्या ताटात पडायची. पोरीच्याही.

मग गावात सात गावांना कर्ज देणारी सोसायटी निघाली. सोसायटीला चेअरमन लागतो, चेअरमनला खुर्ची लागते, आणि ती खुर्ची अंबाजी पाटलांच्या ओसरीवर बघितल्यापासून महिपतीला झोप लागेना. पाटील थकले होते, पुढच्या चैत्रात दुसरा चेअरमन निवडायचा होता. पण चेअरमनला सात गावच्या सभासदांपुढं भाषण करावं लागतं. झालं! सहा वर्षं दूध देणारं दुखणं आता कुठं खरं दुखायला लागलं.

महिपतीनं उपाय सुरू केले. लोणावळा स्टेशनाबाहेरच्या एका वैदूनं वाचा फुटायचं चूर्ण दिलं. ते मधातून घेतल्यावर वाचा जागच्या जागी राहिली, पण महिपती दोन दिवस टमरेल घेऊन रानात पळत होता. दत्तोबा मास्तरांनी तीन कागदांवर भाषण लिहून दिलं. "सन्माननीय सभासद बंधुहो, आजच्या या मंगल प्रसंगी…" आणि वर मंत्र दिला, "समोर माणसं नाहीतच, गवताच्या पेंढ्या आहेत असं समजायचं." महिपतीनं कामशेतच्या बाजारात करून बघितलं. पेंढ्यांना डोळे होते आणि त्या हसत होत्या.

एक दिवस तो चुलीपुढं तेच कागद घेऊन घामाघूम बसला होता. झुंबरबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "भावजी, मी शिकवू?"

"तुमी? तुमाला वाचता तरी येतंय का वैनी?"

"म्हनून तर म्हनते. कागदावरचं बोलनं तुमच्या तोंडात बसत न्हाई. तोंडाला सवयीचं वाक्य घ्या आदी. आवाज मोकळा झाला की मग मास्तरचं बोला."

"सवयीचं? कोनचं?"

"सहा वर्सं एकदाबी न आडखळता बोलताय त्येच." झुंबरबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "वढ्याकाठचं खाचर."

महिपती खो खो हसला. म्हणाला, लय डोकं चालतंय वैनी तुमचं. त्याच्या बापाचं काय जात होतं? ऐकायला कोण होतं?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सकाळी शाळा भरू लागली. पहिल्या दिवशी झुंबरबाई अंगणात उभी आणि महिपती ओसरीवर. "वैनी, वढ्याकाठचं खाचर तुमचं!" दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर गेली. मग बांधावर. मग ओढ्याच्या पलीकडं. ऐकू आलं नाही की ती नुसती दोन पावलं मागं सरायची, आणि तिनं पाऊल मागं टाकलं की महिपतीनं आवाज चढवायचा, असा नेम ठरला. पंधरा दिवसांत असा आवाज सुटला, की वर टेकडीवरच्या ठाकरवाडीतून बारकू गुराख्यानं खाली ओरडून विचारलं, "आवं, कळलं! किती येळा सांगताल?"

झुंबरबाईचा दुसरा नेम असा, की चार माणसांकडं बघायचंच नाही. "नुसतं माज्याकडं बघा. मी चुलीपुढं बसलेय आसं समजा."

रतनबाईला मात्र हे काही रुचेना. "आवं, दुसरं एखांदं वाक्य गावत न्हाई का?"

"तुला भाषणातलं काय कळतंय!" महिपती म्हणाला.

त्या साली कार्तिकात बयाबाई गेली. म्हातारी भरल्या घरातून गेली, पण जाताना तिची नजर झुंबरबाईवर होती, हे सगळ्यांनी बघितलं. दहाव्याला सात गावची माणसं नदीवर जमली. आमच्याकडं दहावा म्हणजे काय विचारता! मेलेला माणूस कसा का असेना, तिथं त्याचा देवमाणूस होतो, आणि जो त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतो तो पुढारी होतो. महिपतीनं हे बरोबर हेरलं होतं. मास्तरांचे तीन कागद त्यानं पाठ केले होते. 'मंगल प्रसंगी'च्या जागी 'दुःखद प्रसंगी' घातलं होतं, बाकी भाषण होतं तेच. म्हातारीच्या दहाव्याला सोसायटीची प्रगती ऐकायला मिळणार होती.

पिंड मांडला. कावळे जांभळीवर येऊन बसले, बसूनच राहिले. अर्धा तास गेला, तास गेला. सहा वर्षांपूर्वी असंच झालं होतं, हे लोकांना आठवायला लागलं आणि कुजबुज सुरू झाली. "म्हातारीचं मन गुतलंय कशात तरी." अंबाजी पाटील म्हणाले, "महिपती, बोल बाबा. तुज्या आईसाटी तरी बोल."

महिपती उठला. कोट सारखा केला. "बंधुहो," म्हणाला, आणि तीनही कागद डोक्यातून साफ उडून गेले. दोन्ही काठांवर डोळेच डोळे! गुडघे हलायला लागले. जीभ टाळूला गेली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आता बसा म्हनतंय बग." आणि खरोखरच ब ओठांवर आला होता.

तेवढ्यात त्याला नेम आठवला. त्यानं वैनीला शोधलं. बायकांच्या घोळक्यापुढं झुंबरबाई उभी होती, एका हातात चिंगीचा हात. ती नीट त्याच्याकडं बघत होती. आणि बघता बघता ती दोन पावलं मागं सरली.

महिपतीची छाती फुगली. तोंड उघडलं. पलीकडच्या काठावरची गुरं माना वर करून बघायला लागली असा खणखणीत आवाज निघाला, "वैनी, वढ्याकाठचं खाचर तुमचं!"

मग जांभळीवरून एक कावळा उतरला, उड्या मारत आला आणि भाताचं शीत उचलून गेला. "शिवला! शिवला!" लोक ओरडले. तो त्या वाक्यासाठी थांबला होता की त्याला भूक लागली होती, हे कावळ्याला विचारायला कुणी गेलं नाही. पाटलांनी महिपतीला मिठी मारली. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. महिपतीही रडत होता. त्यातलं निम्मं रडणं आईसाठी होतं, एवढं त्याच्या पदरात टाकू या.

घरी आल्यावर तो झुंबरबाईवर धावून गेला. "वैनी, आवं, ते सरावाचं वाक्य हुतं!"

"व्हय की भावजी," झुंबरबाई म्हणाली. "लय झ्याक सराव झाला."

तेरावा झाला आणि तिनं पाटलांना पुढं घालून तलाठ्याकडं खाचर आपल्या नावावर लावायची वर्दी दिली. साक्षीदार किती लिहू, असं तलाठ्यानं विचारलं तेव्हा पाटील म्हणाले, "सात गावं लिवा." महिपतीला नोटीस आली. हरकत असेल तर नोंद मंजूर करायला सर्कलसाहेब येतील त्या दिवशी चावडीत येऊन सांगावी.

आता महिपतीनं नवं वाक्य घेतलं, "माजी हरकत हाय." सोपं, आटोपशीर. आता वैनीला कसं सांगणार, म्हणून रतनबाईला बांधावर उभी केली. "मी बोललो की तू दोन पावलं मागं सरायचं." रतनबाई मुकाट्यानं सरली. आठवड्यात वाक्य बसलं, आवाजही चढला. झुंबरबाई खाली ओढ्यावर धुणं धूत होती. तिनं सगळं ऐकलं आणि पिळे आपटत राहिली. त्या रात्री मात्र तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. सहा वर्षांचं सगळं आता त्या गड्याच्या तीन शब्दांवर लोंबकळत होतं.

सर्कलसाहेब आले. चावडी माणसांनी ठासून भरली, बायका दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी नोंद वाचली, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

महिपती उठला. सात गावं त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं घाईघाईनं दाराकडं बघितलं, रतनबाईला शोधलं. रतनबाई दारातच होती, झुंबरबाईच्या शेजारी. तिची नजर आपल्या दोन पोरींवर होती. तिलाही मुलगा नव्हता. उद्या महिपतीचं काही बरंवाईट झालं, तर तीही अशीच कुणाच्या तरी चुलीपुढं कणी खात बसणार होती. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. पाऊल काही मागं टाकलं नाही.

महिपतीचे गुडघे हलायला लागले. घाम सुटला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बसा," तो म्हणाला.

साहेब खुर्चीवर बसलेलेच होते. त्यांनी मान डोलावली, टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, 'हरकत नाही.'

चैत्रात लोकांनी महिपतीला चेअरमन केला. भावजयीला खाचर देणारा धर्मात्मा म्हणून एकमतानं केला. सभेला तो उठतो, चहूकडं नजर फिरवतो, "बसा" म्हणतो आणि बसतो. चेअरमनला याहून जास्त बोलावं लागत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

पुढच्या दिवाळीनंतर झुंबरबाईनं आपल्या वेगळ्या चुलीवर पहिला भात शिजवला. चिंगी अख्खं शीत बोटावर धरून किती तरी वेळ बघत होती. मग झुंबरबाईनं शेजारी रतनबाईकडं पायलीभर आंबेमोहोर पाठवला. त्याच्याबरोबर फडक्यात वेगळी बांधलेली शेरभर कणी होती. ती भावजींसाठी, असा निरोप होता.