पडद्यावर चालंल

जगात माणसं दोनच प्रकारची असतात, पडद्यावर चालणारी आणि न चालणारी, असं माझ्या पाथर्डीच्या मामांचं ठाम मत होतं. कोण कुठल्या प्रकारात बसतं हे ठरवायला त्यांना एक नजर पुरे. लग्नात नवरी बोहल्यावर उभी असायची, आम्ही अक्षता टाकत असायचो आणि मामा मांडवाच्या मागून निकाल जाहीर करायचे, "चालंल." नाहीतर खालचा ओठ पुढे काढून, "न्हाई चालायची पडद्यावर." हा निकाल फुकट असायचा आणि तो कुणीही मागितलेला नसायचा. बरं, मामा पक्षपाती नव्हते. म्हशीच्या बाजारातही त्यांची कसोटी हीच. एकदा भरपूर दुधाची म्हैस ते "तोंडावर भाव न्हाई" म्हणून सोडून आले आणि मामीने घरी दुधाविना चहा दिला. गावातल्या एका भल्या डॉक्टरवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही, कारण पडद्यावरचा डॉक्टर वाईट बातमी सांगताना चष्मा काढतो आणि ह्याला मुळात चष्माच नव्हता.

ह्या वेडाचं कारण मामांचा धंदा. मढीच्या जत्रेपासून मिरजगावच्या बाजारापर्यंत जिथे तंबूतला सिनेमा लागेल तिथे मशीन चालवायला मामा. एकेक पिक्चर त्यांनी इतक्यांदा पाहिलेला, की नायिकेच्या डोळ्यात पाणी यायच्या आधी मामांच्या डोळ्यात यायचं. मशीनपुढच्या चौकोनी भोकातून त्यांना समोर घराएवढा गोरा चेहरा दिसायचा आणि खाली प्रेक्षकांची नुसती पाठमोरी डोकी. त्यातही बायका त्यांना दिसायच्याच नाहीत. पडदा तंबूच्या मधोमध, अलीकडे पुरुष आणि पलीकडे बायका, अशी तेव्हाची रीत. पलीकडून सिनेमा उलटा दिसतो. मामीने तरुणपणी सगळे सिनेमे तिकडूनच पाहिले, त्यामुळे हिरो म्हटला की तो डावखुराच, अशी तिची पक्की समजूत. टीव्हीवर कुणी उजव्या हाताने ठोसा मारला की ती अजूनही म्हणते, "ह्याला काय जमत न्हाई."

मला मात्र मामांच्या मोजपट्टीचं फार कुतूहल. ही आली कुठून? एकदा मी सरळ विचारलं, "मामा, बाईची कंबर बारीकच हवी, हे ठरवलं कुणी?"

मामांनी बराच वेळ विचार केला. "आसं बघ. पडदा ठरल्याल्या रुंदीचा. त्यात हिरो, हिरवीन, मोटार, डोंगूर समदं बसवायचं. मग कंबर बारीकच लागनार ना!"

"आणि गोरा रंग?"

"मशीनचा दिवा जुना झाला, की सावळं मानूस अंधारात जातं. गोरं तेवढं दिसतं. आमच्या लायटीची सोय, दुसरं काय!"

म्हणजे आमच्या घरातल्या यच्चयावत लेकीसुनांची कंबर आणि कांती मामांच्या कापडावर आणि दिव्यावर तोलली जात होती. मी पोट धरून हसलो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं सगळं.

मग मामांची नात वैशू अकरावीच्या कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली. तिच्या हातात चोवीस तास मोबाईल, मोबाईलमध्ये रील आणि रीलमध्ये सपाट पोटाच्या, तुकतुकीत गालांच्या मुली. मामा खूश झाले. खिशात मावणारा तंबूच तो! दोघं शेजारी बसून बघायचे. एका संध्याकाळी तिने लाडात विचारलं, "आजोबा, मी चालंल का ओ पडद्यावर?"

मामांनी खोटं कधी सांगितलंय? मान तिरकी करून त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चेहरा चालंल. पोट जरा आवर." आणि ते भाकरी खायला गेले.

म्हशीलाही असंच बोलणारा माणूस तो. पण हातातल्या मोबाईलमधल्या मुली वैशूला दिवसभर तेच सांगत होत्या, त्यावर आता घरच्या माणसाने शिक्का मारला. तिची भाकरी अर्ध्यावर आली, मग चतकोरावर, मग "कॉलेजातच खाल्लं" सुरू झालं. काही आठवड्यांनी ती एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडली. मी योगायोगाने पाथर्डीत होतो, धावत दवाखान्यात गेलो. त्याच बिनचष्म्याच्या डॉक्टरांनी तिला सलाईन लावलं. नर्सने कपडे सैल केले तेव्हा कमरेला मामीच्या जुन्या लुगड्याची पट्टी करकचून आवळलेली निघाली. खाली कातडीवर लाल वळ उठले होते. ते पाहून मला भीती वाटली, आणि मामा तर खाटेचा दांडा धरून उभेच राहिले.

मामीही आली होती. तिघं बाहेर बाकावर बसल्यावर मामा म्हणाले, "मी काय वाईट बोल्लो का रं? जल्मभर लोकान्ला पिच्चर दाखवला. लोकं खूश हुऊन घरी जायची."

"तुमी कवा बघितलं?" मामी म्हणाली. मामांना उलट बोलताना मी तिला प्रथमच ऐकत होतो. "तुमी अलीकडं हुता. पलीकडं मी हुते. नटी आली, तिची कंबर दिसली, की आमच्यातली एकूनएक बाई पदर पोटावर वढून घ्यायची. कुनी गालावरनं हात फिरवायची. मीबी."

"तू कशापायी?"

"हळदीलाच तुमी म्हनला हुता मला. 'पडद्यावर न्हाई चालायची, पन घरात चालंल.' तवापासून वढतीच हाय पदर."

तेवढ्यात नर्सने आम्हाला आत बोलावलं.

पुढे काही महिन्यांनी गेलो तर घरात एक नवीनच तऱ्हा. टीव्ही चालू, आणि मामांची खुर्ची टीव्हीला खेटून, पण पडद्याकडे पाठ करून! शेजाऱ्यांचा समज, म्हाताऱ्याला दिसेनासं झालं. मी विचारलं तर म्हणाले, "समदी मानसं पाठमोरी बघितली रं मी. आता तोंडं बघतो." शेजारची नवी सून पाया पडून गेली. मी निकालाची वाट बघत होतो. मामांनी फक्त "जेवलीस का बाई?" एवढंच विचारलं. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्यांचं ते आगाऊ "चालंल" मला आवडायचं, काय करू?

आम्ही जेवायला बसलो. वैशू जेवते आता. कधी नीट, कधी नुसती भाकरी कुस्करत बसते. मामी तिच्या शेजारी. मालिका संपली, कसलीशी जाहिरात लागली, आणि मामीचा हात आपसूक पदराकडे गेला. वैशूचा पोटावर.

"नटी आली वाटतं," मामा मागे न बघता म्हणाले.

कुणी हसलं नाही. दोघी आपापल्या हाताकडे बघत राहिल्या. मामांनी टोपल्यातली भाकरी मोडली, अर्धी वैशूच्या ताटात ठेवली. जरा वेळाने तिने पोटावरचा हात काढला आणि घास मोडला. मामीचा हात मात्र तिथेच राहिला. मामा तिच्याकडे बघत होते, आणि जाहिरात कधीच संपली होती.